गुळपोळीचा गुन्हा

शिकागोच्या उत्तरेला, स्कोकीत राहणाऱ्या गुरुदत्त कीर्तनेच्या घरात देव दोन ठिकाणी होते. वरच्या मजल्यावर सुनेत्राचं देवघर, आणि खाली बेसमेंटच्या भिंतीवर टांगलेलं मरून रंगाचं तिकोनी निशाण. निशाणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘हार्लन स्टेट’. मक्याच्या शेतांमधलं हे त्याचं कॉलेज, आणि तिथल्या बास्केटबॉल टीमचं नाव ‘प्लाउमेन’, म्हणजे चक्क नांगरवाले. त्याचा मित्र श्रीरंग बोस्टनच्या बड्या विद्यापीठात शिकलेला. तो म्हणायचा, “यार गुरु, तुझं कॉलेज आहे की कृषी उत्पन्न बाजार समिती?” दुसऱ्या कुठल्याही विषयावर गुरुदत्त टाळी देऊन हसला असता. या विषयावर मात्र तो चहाचा कप खाली ठेवायचा आणि श्रीरंगला हार्लनच्या गेल्या दहा वर्षांच्या टीम तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

त्याला कारणही तसंच होतं. सांगलीहून एम.एस. करायला तो हार्लनला आला, त्या पहिल्याच हिवाळ्यात नाताळची सुट्टी लागली. मुलं घरोघरी गेली, होस्टेलची मेस बंद झाली आणि गुरुदत्त एकटाच मागे उरला. एका संध्याकाळी निव्वळ ऊब शोधत तो जिममध्ये शिरला, तर आत मॅच रंगात आलेली. बास्केटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटच्या क्षणी मरून बनियनमधल्या कुणीतरी लांबून बॉल फेकला, तो जाळीत पडला, आणि शेजारी बसलेल्या लालबुंद गालांच्या अनोळखी शेतकऱ्यानं गुरुदत्तला कवेत घेऊन जमिनीवरून वर उचललं. अमेरिकेत आल्यापासून तोवर त्याच्या खांद्यावर कुणी हातसुद्धा ठेवला नव्हता. त्या रात्री होस्टेलवर परतताना तो वाटेत रडला. तेव्हापासून हार्लन त्याचं झालं ते झालंच.

आता तो पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करणारा वरिष्ठ इंजिनिअर होता. ऑफिसात कमी बोलायचा. त्याची कसर तो दर रविवारी संध्याकाळी भरून काढायचा. त्या वेळी रेडिओवर मिल्ट नावाच्या म्हाताऱ्याचा कार्यक्रम लागत असे. कॉलेज बास्केटबॉलच्या भक्तांनी फोन करायचे, भांडायचं, मिल्टनं तेल ओतायचं, असा एकूण प्रकार. त्यात ‘गुरु फ्रॉम स्कोकी’ हे चांगलं गाजलेलं नाव होतं. कोणतं कॉलेज कोणत्या शाळकरी पोराच्या मागे आहे, कोण त्याला कशाचं आमिष दाखवतंय, यावर गुरुदत्तची मतं पक्की होती. तो म्हणायचा, “पोरगा हवा असेल तर त्याच्या आईसमोर बसा आणि खरं तेवढं सांगा. गाडीची किल्ली दाखवून आणलेला पोरगा दुसऱ्या किल्लीमागे जाणारच.” त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे सिसरो उपनगरातला स्टॅन. तो ब्रॅडॉक कॉलेजचा भक्त. तो फोनवर खदाखदा हसायचा. “गुरु, तुमचे नांगरवाले स्वच्छ आहेत, कारण त्यांना घाण करायला कुणी जागाच देत नाही!” त्यावर गुरुदत्तचं ठरलेलं उत्तर असे, “आम्ही हरू स्टॅन, पण चोरून जिंकणार नाही.” हे म्हणताना बेसमेंटमध्ये एकटा असूनही तो उभा राहायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या जानेवारीत सगळ्या राज्याच्या तोंडी एकच नाव होतं, डॅरेल हॉबसन. शिकागोच्या वेस्ट साइडचा शाळकरी पोरगा, दाराच्या चौकटीपेक्षा उंच, डाव्या हातानं बॉल असा टाकायचा की बघणाऱ्यानं घास तोंडाशीच धरून ठेवावा. देशभरची कॉलेजं त्याच्या मागे होती. शेवटी दोनच उरली, ब्रॅडॉक आणि हार्लन. हार्लनच्या दारात एवढ्या तोलामोलाचा खेळाडू वीस वर्षांत आला नव्हता. गुरुदत्तला डॅरेलच्या प्रत्येक मॅचचे आकडे पाठ होते. त्याची आई कोण, कुठं असते, हे मात्र ठाऊक नव्हतं. आणि ज्या बाईला ते ठाऊक होतं, ती त्याच्याच स्वयंपाकघरात गुळपोळ्यांसाठी गूळ किसत होती.

सुनेत्रा हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काम करायची. ॲडमिशनच्या डेस्कवरची लोरेन हॉबसन ही तिची जेवणाच्या सुट्टीतली मैत्रीण. सहा वर्षं दोघी एकमेकींचे डबे खात होत्या. लोरेननं भेंडीची भाजी शिकून घेतली होती आणि सुनेत्रानं मक्याचा ब्रेड. “तिचा मुलगा कसलंसं खेळतो,” एवढं सुनेत्रानं घरी एकदा सांगितलंही होतं. पण बायकोच्या मैत्रिणीच्या मुलाचं बोलणं कुठला नवरा कान देऊन ऐकतो?

संक्रांतीनंतरच्या रविवारी सुनेत्रानं हळदीकुंकू ठेवलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून वाण म्हणून स्टीलचे डबे आणले, घरभर तिळाचा खमंग वास सुटला आणि गुरुदत्तला नेहमीप्रमाणे दूध आणायला पिटाळण्यात आलं. तो परतला तेव्हा वर बायकांचा गलका चालू होता, म्हणून तो गुपचूप बेसमेंटमध्ये उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचे पाय थबकले. त्याच्या लाडक्या खुर्चीत, त्याच्या निशाणाखाली, गुडघे हनुवटीपर्यंत आलेला डॅरेल हॉबसन बसला होता आणि तूप लावलेली गुळपोळी खात होता. समोर गुरुदत्तची तेरा वर्षांची मुलगी मृणालिनी मांडी घालून बसली होती.

“डॅड, धिस इज डॅरेल. ही ड्रोव्ह हिज मॉम.”

डॅरेल उठायला गेला आणि छताच्या पाइपवर त्याचं डोकं आपटलं. कपाळ चोळत तो म्हणाला, “हॅलो, मिस्टर के. हे फार छान लागतं.”

गुरुदत्त एक पायरी पुन्हा वर चढला. त्याच वर्षी नियम कडक झाले होते. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यानं अशा होतकरू खेळाडूशी कॉलेजबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, आणि त्याला किंवा त्याच्या घरच्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या सभेत हा नियम उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवणारा गृहस्थ दुसरा कोणी नव्हता, गुरुदत्तच होता.

डॅरेलनं मान वर करून निशाण वाचलं. “तुम्ही हार्लनचे?”

“हो,” गुरुदत्त म्हणाला. एवढं चाललं असतं.

“कसं आहे ते कॉलेज?”

वीस वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून गुरुदत्त जीव टाकत होता. कुणी विचारत नसे, तरी तो उत्तर देत असे. आज विचारणारा समोर बसला होता, तोही मनापासून विचारत होता, आणि शेतकऱ्याची ती मिठी गुरुदत्तच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यानं गिळली. म्हणाला, “पोळी गार होतेय. तूप आणखी घे.”

“पण तुम्हाला आवडलं होतं का तिथं?”

“बाहेर फार थंडी आहे नाही आज?”

“ही क्राइज व्हेन दे लूज,” मृणालिनीनं माहिती पुरवली. गुरुदत्तनं तिला वर आईला मदत करायला पाठवलं. डॅरेलनं उरलेली पोळी तुपात बुडवली आणि तो विषय सोडून दिला. गुरुदत्तला वाटलं, पोराचा समज झाला असणार की या माणसाकडे स्वतःच्या कॉलेजबद्दल सांगण्यासारखं चांगलं काही नाही. त्याच्या काळजात कळ उठली, पण तोंड त्यानं उघडलं नाही. जिंकलो, असंच त्याला वाटलं.

आणि मग ती दारातली वेळ आली. कपाळावर हळदकुंकू लावलेली लोरेन कोट घालून निघाली. तिच्या हातात वाणाचा डबा होता. गुरुदत्तनं तिला तो धरायला मदत केली, तर डबा हलका लागला. आत नुसता खडखडाट. कुठल्या घरातून बाई रिकामा डबा घेऊन जाते? सांगलीच्या घरी त्याच्या आईनं शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नव्हती. काहीच नसलं तर ती चिमूटभर साखर घालायची. गुरुदत्त “एक मिनिट, एक मिनिट” म्हणत स्वयंपाकघरात पळाला, चांगल्या खरपूस गुळपोळ्या निवडल्या, डबा गच्च भरला, झाकण लावलं आणि डॅरेलच्या हातात देऊन म्हणाला, “वाटेत खा.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. गुरुदत्त सिंकपाशी हातांचं तूप धूत होता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोंडाला त्यानं कुलूप घातलं होतं आणि हातानं घात केला होता.

“सुनेत्रा,” तो खुर्चीत बसत म्हणाला, “मी डॅरेल हॉबसनला पोळ्या दिल्या.”

“बरं केलंत. माझ्या गडबडीत राहूनच गेलं होतं.”

त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. “अहो, ती माझी मैत्रीण आहे! वाण काय परत मागायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.” श्रीरंगला फोन केला तर तो पोट धरून हसला. “यार, पोळीवर कोण विकला जातो? कुणी बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. गप्प बस. तुझ्या नांगरवाल्यांना आयुष्यात एकदा हत्ती मिळतोय, तो कशाला घालवतोस?”

गप्प बसणं सोपं होतं. पण दर रविवारी उभं राहून म्हटलेलं ते वाक्य गुरुदत्तची पाठ सोडत नव्हतं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्यानं हार्लनला फोन लावला. असिस्टंट कोचनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “मिस्टर कीर्तने, हे बहुतेक नियमात बसत असेल, तुमच्या घरची मैत्री जुनी आहे. पण ते ठरवणारे आम्ही नाही. आम्हाला हे वर, कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला, कळवावं लागेल. आणि उत्तर येईपर्यंत आम्ही त्या मुलाच्या दारात पाऊल ठेवणार नाही.”

“कळवा,” गुरुदत्त म्हणाला. फोन ठेवून तो ऑफिसला निघाला.

कळवलेली गोष्ट बाहेर फुटायला आठवडा पुरला. पेपरात छोटीशी बातमी आली. हार्लनच्या एका माजी विद्यार्थ्यानं हॉबसन कुटुंबाला भेटवस्तू दिल्याची चौकशी सुरू आहे, एवढंच. देणाऱ्याचं नाव नव्हतं आणि वस्तू कसली तेही नव्हतं. मग काय, लोकांनी आपापल्या मनानं भेट ठरवली. कुणी म्हणालं गाडी, कुणी म्हणालं फर कोट. हॉस्पिटलमध्ये लोरेनच्या डेस्कपाशी लोक कुजबुजू लागले. तिनं जेवणाच्या सुट्टीत सुनेत्राजवळ बसणं बंद केलं. रागानं नव्हे, तर आणखी बोभाटा नको म्हणून. त्या दिवशी सुनेत्रा घरी आल्या आल्या भांडी घासायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, “तुमच्या कॉलेजची अब्रू तुम्ही राखलीत. माझ्या मैत्रिणीची कोण राखणार?”

रविवारी मिल्टचा कार्यक्रम लागला. फोनांचा पूर आला होता. ब्रॅडॉकवाले खिदळत होते, हार्लनवाले त्या माजी विद्यार्थ्याच्या नावानं बोटं मोडत होते. स्टॅन म्हणाला, “त्या आईला नेमकं काय मिळालं, ते तरी सांगा. कोट बरा होता का?” बेसमेंटमध्ये गुरुदत्त उभा राहिला आणि त्यानं फोन फिरवला.

“गुरु!” मिल्ट ओरडला. “कुठं होतास? तुमचा तो मूर्ख माणूस कोण, तुला माहीत आहे का?”

“माहीत आहे. तो मीच.”

“बोल,” मिल्ट म्हणाला.

“त्या बाई माझ्या बायकोच्या मैत्रीण आहेत,” गुरुदत्त म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. “सहा वर्षांच्या. आमच्या सणाला त्या घरी आल्या. बायकोनं त्यांना स्टीलचा डबा दिला, तसा तो त्या दिवशी आलेल्या सगळ्याच बायकांना दिला. आणि आमच्यात पाहुण्याच्या हाती रिकामा डबा देत नाहीत, म्हणून त्यात मी पोळ्या भरल्या. गुळाच्या. त्यांनी मागितल्या नव्हत्या. तेव्हा कुणाला नावं ठेवायची असतील तर ती मला ठेवा. माझं नाव गुरुदत्त कीर्तने. स्पेलिंग हवं असेल तर सांगतो.”

“म्हणजे,” स्टॅन अजून लाइनवर होता, “तुम्ही पोळ्यांपायी एवढा उंचापुरा सेंटर खेळाडू घालवणार?”

“घालवला तर घालवला. ते कुणी बघितलं नव्हतं. मी कॉलेजला कळवलं, कॉलेजनं वर कळवलं. स्टॅन, तुझ्या ब्रॅडॉकनं आजवर एक पोळी तरी कळवली आहे का?”

मिल्टनं घसा खाकरून जाहिराती लावल्या. गुरुदत्तनं मागे वळून पाहिलं तर जिन्यावर सुनेत्रा आणि मृणालिनी उभ्या होत्या. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी होतं. बास्केटबॉलमुळे ते पहिल्यांदाच आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मरून टोपी घालून ऑफिसला गेला आणि मीटिंगमध्येही त्यानं ती काढली नाही. त्याच दुपारी लोरेन आपला डबा घेऊन पुन्हा सुनेत्राशेजारी जाऊन बसली.

पण गेलेला वेळ गेलाच होता. हार्लनचे कोच शब्द पाळून लांब राहिले, ब्रॅडॉकचे रोज येत राहिले. एप्रिलमध्ये डॅरेलनं ब्रॅडॉकसाठी सही केली. आणि त्यानंतर आठवडाभरानं वरून उत्तर आलं की मैत्री आधीपासूनची आहे, सबब काही गुन्हा नाही. श्रीरंग म्हणाला, “बघ, फुकट गेला हत्ती.” गुरुदत्तला रात्रभर झोप आली नाही, हे खरंच आहे. पण सकाळी उठल्यावर त्यानं निशाणावरची धूळ पुसली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. लोरेन उभी होती, मागे वाकून डॅरेल. लोरेनच्या हातात तोच स्टीलचा डबा होता. “सुनेत्रानं मला शिकवलंय, रिकामा परत करायचा नसतो,” ती म्हणाली. आत रताळं भरून भाजलेल्या गोड ‘पाय’चे तुकडे होते, दालचिनीचा वास येत होता. चौघं मोठे आणि मृणालिनी खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसले. डॅरेलनं आल्या आल्या पाइप हातानं चाचपला आणि मग बसला.

“मिस्टर के,” तो म्हणाला, “मी सही केली आहे. आता तुम्ही बोललात तर चालतं ना?”

“चालतं.”

“मग सांगा. कसं आहे ते कॉलेज?”

गुरुदत्तनं ताटली बाजूला ठेवली. त्यानं होस्टेलची रिकामी खोली सांगितली, बंद मेस सांगितली, जिमचं उबदार दार सांगितलं. लांबून फेकलेला तो बॉल सांगितला. आणि नाव माहीत नसलेल्या त्या लाल गालांच्या माणसानं आपल्याला कसं उचललं, ते सांगताना त्याचे स्वतःचेच हात वर गेले. सुनेत्रानं ही गोष्ट पंधरा वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. लोरेननं डोळे पुसले.

डॅरेलनं हातातला तुकडा ताटलीत ठेवला. मग म्हणाला, “हे तुम्ही मला जानेवारीत सांगितलं असतं तर…”

“तर तू कदाचित आला असतास,” गुरुदत्त म्हणाला. “पण मग नियम मोडून तुला आणणारं कॉलेज, हे मी सांगतोय ते राहिलं नसतं.”

डॅरेलनं निशाणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “पुढच्या हिवाळ्यात आम्ही तुमच्या जिममध्ये खेळायला येणार आहोत.”

“ये की. आम्ही तुला हरवणार.”

“बघू,” डॅरेल म्हणाला, आणि दोघंही हसले.

निघताना लोरेन दाराशी बूट घालत होती. सुनेत्रानं डबा धुऊन पुसून आणला होता. गुरुदत्तनं तो तिच्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात नेला, सकाळीच वळलेल्या बेसनाच्या लाडवांनी काठोकाठ भरला, आणि सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी, झाकण दाबून लावलं.